हाताला काय लागलं?

माझ्या नणंदेला अख्खा क्लब ‘वन्सं’ म्हणतो. बावीस पोरी म्हणतात, फाटकावरचा रखवालदार म्हणतो आणि खुद्द सरही म्हणतात. सर म्हणजे पोरींना फुटबॉल शिकवणारे. सहा फूट उंच माणूस, आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाला उभी असलेली पोरगी दचकते. तो दारात येऊन ‘वन्सं, जरा वेळ आहे का?’ असं विचारतो, तेव्हा नवख्या माणसाला वाटत असेल की हा हिच्या भावाची बायको आहे की काय! चूक माझीच. पहिल्याच दिवशी मी धुलाईच्या खोलीतल्या झरोक्यातून हाक मारली, ‘वन्सं, टॉवेल घ्या!’ पोरींना वाटलं, दवाखान्यात जशी सिस्टर असते तशी फुटबॉलमध्ये वन्सं असते. एका पोरीच्या वडिलांनी तर अर्जावर ‘आदरणीय वन्सं मॅडम’ असं लिहून आणलं होतं. बारा वर्षं झाली, आता कोण दुरुस्त करणार?

‘तू कपडे धुतेस, मी पोरी धुते,’ असं त्या म्हणतात, आणि ते अगदीच खोटं नाही. मॅच संपली की पोरी मैदानातून अशा येतात की कपडे कुठले आणि पोरगी कुठली ते कळू नये. वन्सं त्यांना आधी बसूच देत नाहीत. ‘बसलीस की आखडलीस,’ म्हणत कडेकडेने दोन फेऱ्या चालायला लावतात. मग मीठ-साखरेचं पाणी. मग बर्फाचा टब, दहा मिनिटं, घड्याळ लावून. त्यात उतरताना पोरी ज्या किंचाळतात, त्या किंकाळ्या ऐकून माझे कान किटलेत. मग जमिनीवर पाठ टेकायची आणि पाय भिंतीवर वर करून पडून राहायचं. त्या भिंतीला एका उंचीवर टाचांच्या डागांची रांगच आहे. दर वर्षी रंग देतात, दर वर्षी रांग परत उमटते. शेवटी एकेकीला टेबलावर घेऊन पाय सैल करायचे, घोट्यापासून वर, अंगठ्याने हळूहळू चाचपत. जाताना हातात केळं, अंडं आणि एक दटावणी: ‘घरी जाऊन झोप. मोबाईल बघत पडलीस तर मला दुसऱ्या दिवशी पिंढरीत कळतं.’

आणि खरंच कळायचं. वन्सं क्लबात यायच्या आधी हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालायच्या खोलीत मदतनीस होत्या. शिक्षण बेताचं, पण अंगठा असा की कुठल्या पायात गाठ आहे, कुठे आतून तापलंय, कोण खरंच दमलीय आणि कोण नाटक करतेय, ते त्या डोळे मिटून सांगायच्या. सरांचा साऱ्या जगावर अविश्वास, पण वन्संच्या हातावर डोळे झाकून विश्वास. एखादी पोरगी पाय दुखतो म्हणाली की ते तिच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. वन्संना विचारायचे, ‘हाताला काय लागलं?’ वन्सं म्हणाल्या ‘काही नाही’, की पोरगी मैदानात. म्हणाल्या ‘गाठ लागली’, की पोरगी बाकावर. त्यापुढे अपील नाही.

तशी एक वहीसुद्धा होती. वन्संनी तिला नाव दिलं होतं दमवही. रोज सकाळी पोरींनी ओळीत उभं राहायचं आणि आपण किती दमलोय ते शून्य ते दहामध्ये सांगायचं. शून्य म्हणजे ताजीतवानी, दहा म्हणजे उभंही राहवत नाही. कल्पना चांगली होती, पण पोरी म्हणजे पोरी. पाच किंवा जास्त सांगितलं की सर सराव बंद करतात, आणि तीन किंवा कमी सांगितलं की ‘अरे वा, ताकद उरलीय’ म्हणून दोन फेऱ्या वाढवतात, हे त्यांनी महिन्याभरात ओळखलं. तेव्हापासून बावीसच्या बावीस पोरी रोज एकच आकडा सांगतात. चार. ताप असला तरी चार, आदल्या दिवशी सुट्टी असली तरी चार. पुढे तो त्यांचा शब्दच झाला. पेपर कसा गेला? चार. घरी आई रागावली का? चार. आमच्या घरीही तो शिरला. नवऱ्याला विचारलं, भाजी कशी झालीय, तर म्हणतो, चार. मी म्हटलं, मग उद्यापासून तुम्हीच करा, म्हणजे दहा होईल.

मला पहिली शंका आली ती घरच्याच स्वयंपाकघरात. वन्सं आमच्याकडेच राहतात, लग्न केलं नाही. वयाने माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या, पण मी त्यांच्या थोरल्या भावाची बायको, म्हणून मला वहिनी म्हणतात. एका सकाळी दूध उतू जायला लागलं. मी पकड शोधेपर्यंत वन्संनी पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि सावकाश खाली ठेवलं. हात झटकला नाही, फुंकर नाही, साधं ‘हाय’सुद्धा नाही. मी त्यांचा हात ओढून पाहिला. अंगठ्याला टरारून फोड आला होता आणि त्या त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचा तरी अंगठा असल्यासारख्या बघत होत्या.

‘वन्सं, भाजलं नाही तुम्हाला?’

‘भाजलंय की. दिसतंय ना.’

‘दिसतंय हो. लागलं का?’

बोटांना मुंग्या येतात एवढंच म्हणाल्या. बारा वर्षं बर्फाच्या पाण्यात हात आणि अंगठ्यावर सगळा भार, दुसरं काय होणार! मी डॉक्टरांचं नाव काढलं तर माझ्यावरच उखडल्या. ‘कुणाला बोलू नकोस. माझं माझ्यापाशी. आणि गाठ कुठे असते ते मला पाठ आहे, हाताला कळायलाच पाहिजे असं नाही.’ मी गप्प बसले. घरात शांतता टिकवायची म्हणून मी बऱ्याच गोष्टींवर गप्प बसते, ही त्यातलीच एक. तिचं ओझं आजही माझ्या मनावर आहे.

त्या गोष्टीला पाच महिने झाले आणि निवडीची मॅच जवळ आली. मोठ्या संघाचे निवडणारे रविवारी बघायला येणार होते. सगळ्यांची नजर एकाच पोरीवर होती. तिला आम्ही भिंगरी म्हणतो. सोळा वर्षांची, हाडकुळी, आणि बॉल पायात आला की समोरची पोरगी कुठल्या बाजूने वळावं याच विचारात राहते, तोवर ही पार. सर तिचं कौतुक तोंडावर करत नाहीत, पण ती पळायला लागली की ते स्वतः जागेवर उभे राहून पाय हलवतात. गेले तीन आठवडे ती रोज सरावानंतर वन्संच्या टेबलावर यायची. आधी यायची नाही, पळून जायची. मला वाटलं, मोठी झाली, शहाणपण आलं.

गुरुवारी मी मोजे उलटे करत होते. मोजे उलटे केल्याशिवाय मशीनमध्ये घालायचे नसतात, नाहीतर आतली माती आतच राहते. प्रत्येकीच्या मोज्यावर आकडा शिवलेला असतो. भिंगरीच्या डाव्या मोज्यात, नडगीवर येतो त्या जागी, चिकटपट्टीचा डिंक लागलेला होता. उजवा मोजा स्वच्छ. मग आठवलं, परवाही होता. त्याच्या आधीही होता, आणि मी पोरींच्या नावाने बोटं मोडत तो घासून काढला होता. मोजा नाकाशी नेला, तर आत दुखण्यावरच्या मलमाचा वास. तीन आठवडे ही पोरगी घरून पाय बांधून येत होती आणि टेबलावर चढायच्या आधी पट्टी काढत होती. आणि माझ्या नणंदेचा हात रोज त्याच पायावरून फिरत होता.

मी मोजा तसाच ओला हातात घेऊन पलीकडच्या खोलीत गेले. वन्संनी मोजा पाहिला, वास घेतला, आणि त्यांचा चेहराच उतरला.

‘मी रोज दाबलाय गं हा पाय,’ त्या म्हणाल्या.

भिंगरी तेव्हा भिंतीला पाय लावून पडली होती. बाकीच्या गेल्यावर वन्संनी तिला टेबलावर घेतलं. नडगीच्या हाडावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. काही लागत नव्हतं त्यांना. मग त्या वाकल्या आणि त्यांनी भिंगरीच्या नडगीवर आपला गाल टेकवला. तापलेल्या लेकराचं कपाळ बघावं तसा. गाल हळूहळू खाली सरकवत नेला आणि एका जागी थांबल्या.

‘इथे गरम आहे. वहिनी, तू दाब.’

‘मी? मला काय कळतंय त्यातलं?’

‘तुला कळायला नको. तुझं बोट ठेव आणि दाब.’

मी बोट ठेवलं. फार नाही, आंबा पिकलाय का बघतो तेवढंच दाबलं असेल. पोरीच्या पायाची पाचही बोटं आत वळली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आवाज मात्र तिने काढला नाही. तिचे डोळे पुसायला टॉवेल कुठे ठेवलाय तेही मला सुचेना.

‘एका पायावर उडी मारून दाखव,’ वन्सं म्हणाल्या.

‘दमलेय मी.’

‘किती?’

‘चार,’ भिंगरी म्हणाली आणि स्वतःच रडता रडता हसली. मग उठून बसली आणि वन्संचे दोन्ही हात धरले. ‘वन्सं, फक्त रविवार. रविवार होऊ द्या, सोमवारी मी स्वतः सरांना सांगते. आईशप्पथ. दोन वर्षं वाट बघतेय मी.’

‘हाडाला तडा असला तर रविवारी मैदानातच मोडेल. मोडलेली बघितलीत मी. प्लास्टरच्या खोलीत होते.’

‘नाही मोडणार. सरांनी विचारलं तर सांगा ना, हाताला काही लागलं नाही म्हणून.’ तिने मान खाली घातली. ‘खोटं कुठे आहे त्यात? तुम्हाला लागतच नाही.’

मी वन्संकडे बघितलं, त्या माझ्याकडे. मी कुणाला बोलले नव्हते, देवाशपथ.

‘मला कधीच कळलंय,’ भिंगरी म्हणाली. ‘एकदा माझ्या गुडघ्याला खरचटलं होतं, तुम्ही सरळ त्याच्यावरून हात फिरवलात. आधी असं कधी केलं नव्हतंत. म्हणूनच मी रोज येते. निवडीच्या तोंडावर टेबल चुकवलं असतं तर सरांना संशय आला असता, आणि आले तर तुम्हाला कळणार नव्हतं. पण वन्सं, मी कुणाला सांगितलं नाही. तुम्ही जाल म्हणून नाही सांगितलं. मग तुम्ही पण माझं नका सांगू.’

धमकी नव्हती ती. धमकी असती तर बरं झालं असतं, मी दोन शब्द सुनावले असते. ती पोरगी इमानाने बोलत होती. आपण एकमेकींचं झाकतोय, असंच तिला वाटत होतं.

रात्री घरी जेवायला बसल्यावर मीच तोंड उघडलं. मी व्यवहारी बाई आहे. म्हटलं, यात अवघड काय आहे? उद्या सरांना सांगा, डाव्या नडगीला गरम लागलं. हाताला लागलं की गालाला, ते कोण विचारतंय? पोरीचा पाय वाचेल, तुमचं टेबल वाचेल. ती बोललीच काही, तर रागाने बोलतेय म्हणू.

‘आणि बाकीच्या एकवीस जणींचं काय?’ वन्सं म्हणाल्या.

‘त्यांचं काय?’

‘त्यांचे मोजे कोण हुंगणार?’ त्यांनी घास परत ताटात ठेवला. ‘पाच महिने मी सरांना सांगतेय, काही लागलं नाही, काही लागलं नाही. आणि ते सोडतायत पोरींना मैदानात. मला त्या दिवशी पातेलं उचललं तेव्हाच कळलं होतं गं. म्हटलं, जमेल तितके दिवस. मीपण रोज चारच सांगत होते.’

माझ्या नवऱ्याने बहिणीच्या ताटातलं जेवण झाकून ठेवलं. इतक्या वर्षांत मी त्याला ताट झाकताना पहिल्यांदा बघितलं.

शुक्रवारी सकाळी सर आपल्या खोलीत रविवारचा संघ फळ्यावर लिहीत होते. वन्सं आत गेल्या. मी झाडू घेऊन दारात उभी राहिले. झाडायचं काहीच नव्हतं, पण राहवेना.

‘भिंगरीला खेळवू नका. तिच्या डाव्या नडगीचा फोटो काढून घ्या,’ वन्सं म्हणाल्या.

सरांचा खडू थांबला. ‘हाताला काय लागलं?’

‘हाताला काही लागलं नाही, सर.’

‘मग?’

‘गेले पाच महिने काहीच लागत नाही.’

सरांना आधी कळलंच नाही. वन्संनी टेबलावरची टाचणी उचलली आणि त्यांच्यासमोर आपल्या अंगठ्यात खुपसली. रक्ताचा थेंब आला. त्यांचा चेहरा होता तसाच. मग सरांचा आवाज चढला. ‘पाच महिने! वन्सं, मी तुमच्या एका शब्दावर पोरींना पळवलंय!’ त्या म्हणाल्या, ‘हो.’ एवढंच. बचाव केला नाही, बर्फाचं नाव काढलं नाही, बारा वर्षांचंही काढलं नाही. मला आत जाऊन सगळं ओरडून सांगावंसं वाटत होतं. नाही गेले.

फोटोत भिंगरीच्या हाडावर केसाएवढी रेघ निघाली. डॉक्टर म्हणाले, एक मॅच आणि दोन तुकडे. बाकी सगळ्या पोरींची तपासणी झाली. गोलकीपरच्या मांडीत जुनी दुखापत निघाली, तीही कुणाच्या हाताला लागली नव्हती. रविवारी आम्ही हरलो. निवडणाऱ्यांनी दुसऱ्याच संघातली एक पोरगी नेली. भिंगरी प्लास्टर घालून बाकावर बसली होती. मी तिला पाणी द्यायला गेले, तर तिने ते घेतलं. वन्सं तिच्या समोरून गेल्या तेव्हा मात्र तिने मान फिरवली.

टेबलावर आता एक शिकलेली बाई आली आहे. तिला सगळे मॅडम म्हणतात. वयाने लहान आहे, पण कामाला चोख आहे, मला खोट काढायला जागा मिळाली नाही. वन्संना सरांनी काढलं नाही. टब भरायचे, बर्फ आणायचा, फेऱ्या चालवून घ्यायच्या, एवढं काम ठेवलं. अजून ‘वन्सं’च म्हणतात, पण दारात येऊन काही विचारत नाहीत. मनगटातली नस दबलीय, म्हणून वन्संच्या मनगटांना रात्रंदिवस पट्टे असतात. ऑपरेशनला तारीख मिळाली आहे, पण गेलेलं किती परत येईल ते डॉक्टरही सांगत नाहीत. तक्रार एकदाही नाही. फक्त पूर्वी घरी जाताना पोरींच्या नकला करायच्या, त्या आता करत नाहीत. मलाच काहीबाही बोलत राहावं लागतं आणि माझ्या अंगात तेवढं त्राण नसतं.

भिंगरी पाच आठवडे वन्संशी बोलली नाही. रोज यायची, कुबड्या बाजूला ठेवून बाकावर बसायची, इतरांचा सराव बघायची. तिच्या बाकाजवळूनच बर्फाची वाट जाते. वन्सं बादली घेऊन दिवसातून दहादा तिच्यासमोरून जायच्या आणि ती दहादा बुटाच्या नाड्यांकडे बघायची. एका पायात तर बूटच नव्हता.

परवा सकाळी पोरी ओळीत उभ्या होत्या. दमवही आता मॅडमकडे असते. त्या एकेकीपुढे थांबून विचारत होत्या आणि ओळीतून नेहमीचं उत्तर येत होतं. चार. चार. चार. मॅडमना अजून काही कळलेलं नाही, त्यांना वाटतं संघ फार एकसारखा तयार झालाय. मी धुतलेल्या जर्सी घेऊन येत होते आणि वन्सं दोन्ही हातांत बर्फाच्या बादल्या घेऊन ओळीच्या टोकाशी वाट मिळेपर्यंत थांबल्या होत्या. मॅडम लिहिता लिहिता पुढे सरकल्या आणि वर न बघताच त्यांनी विचारलं,

‘आकडा?’

‘चार,’ वन्संच्या तोंडून निघून गेलं.

ओळ फिसकन हसली. मॅडमनी वर पाहिलं, त्याही ओशाळून हसल्या आणि खोडायला लागल्या.

‘मॅडम, खोडू नका.’ बाकावरून भिंगरी बोलली. ‘चारचे नऊ करा. वन्संचे नऊ आहेत.’

हसणं थांबलं. वन्सं जागच्या हलल्या नाहीत. बादल्यांच्या कड्या त्यांच्या बोटांत रुतल्या होत्या आणि त्यांना ते कळत नव्हतं, हे मला दिसत होतं.

‘नऊ म्हणजे आज बसून राहायचं,’ भिंगरी म्हणाली. ‘तुमचाच नियम आहे.’ आणि तिने बाकावरच्या कुबड्या उचलून खाली ठेवल्या, शेजारी जागा केली.

वन्संनी त्या जागेकडे पाहिलं. मग बादल्या खाली ठेवल्या, पदराला हात पुसले आणि जाऊन बसल्या. थोड्या वेळाने भिंगरीने त्यांचा एक हात आपल्या मांडीवर घेतला आणि अंगठा मनगटापासून हळूहळू चोळायला लागली, अगदी त्यांनीच शिकवलं होतं तसा.

‘लागतंय का काही?’ तिने विचारलं.

‘नाही,’ वन्सं म्हणाल्या. ‘पण चोळ तू.’

बर्फ वितळायला लागला होता. मी जर्सींचा गठ्ठा खांद्यावर टाकला आणि दोन्ही बादल्या उचलल्या. मॅडम वही मिटून निघून गेल्या. मला काही त्यांनी आकडा विचारला नाही. विचारला असता, तर मीही चारच सांगितला असता.